पट्टी कोणी ठरवायची?

(तालुका शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं हे भाषण. लावणीमुळे ज्या पाड्यांची माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावं.)

दादांनो, बायांनो, आणि मागे झाडाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनो, जरा पुढे सरका. माईक नाही आणि आमचा आवाज काल घोषणा देऊन बसला आहे.

या शिबिराला तीन पाड्यांकडून एकच ठराव आला. ठराव असा की ग्रामपंचायतीला घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, कसलीच पट्टी बसवायचा अधिकार असू नये, तो काढून घ्यावा. काल रात्री त्यावर बोलणं झालं, मोठ्या आवाजात झालं, आणि बरेच जण आमच्यावर रागावून झोपले. म्हणून आज सकाळी नीट सांगायला उभे आहोत.

ठराव का आला ते आम्हाला कोणी शिकवायला नको. आमचीही घरं कुडाचीच. सारवलेला कूड, वर नळे नाहीतर गवत, आणि दरवर्षी त्याची पावती. दाखला आणायला गेलं तर आधी बाकी भर म्हणतात. दिवाबत्तीची पट्टी भरतो. खांब उभा आहे, त्याच्यावर दिवा नाही. पैसा कुठे गेला विचारलं तर वही कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. ह्या रागात खोटं काही नाही.

पण ह्या ठरावाला टाळ्या कोण वाजवतंय ते बघितलंत का? नाक्यावरचा वखारवाला. नदीकाठी कंपाउंड घालून फार्महाऊस बांधणारा शेठ. तो गेल्या बाजारी आम्हाला बोलावून म्हणाला, तुमचा ठराव शंभर टक्के बरोबर, पत्रकं छापायला पैसे मी देतो. दादांनो, याच शेठने आजवर आपला कुठला ठराव बरोबर म्हटला होता? दळी जमिनीच्या मोर्च्याला आला होता? एकसाली प्लॉटवाल्यांना फॉरेस्टवाल्यांनी उभ्या पिकातून हाकललं तेव्हा आला होता? मग आजच त्याला आपलं दुःख का दिसलं, हा प्रश्न आम्हाला पडला.

तेव्हा आम्ही शोध घेतला. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं, इंग्रजी अडखळत वाचतो. शहरातल्या मित्रांनी काही कागद दिले, डिक्शनरी घेऊन चार रात्री बसलो. कळलं ते असं की असाच ठराव एका मोठ्या मुलखात १९७८ मध्ये पास झालेला आहे. तिथे काय झालं ते सांगतो.

अमेरिकेत पश्चिमेच्या समुद्राला लागून कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. जमिनीने महाराष्ट्राहून मोठं, माणसांनी आपल्या निम्म्याहून कमी. सिनेमावाल्यांचं हॉलिवूड तिथलंच. ती जमीन मुळात कोणाची, हेही सांगतो, कारण आपल्या शिबिरात हे सांगायचं नाही तर कुठे सांगायचं. तिथे आदिवासी होते. १८४८ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि बाहेरची माणसं लोंढ्याने आली. १८५१-५२ मध्ये सरकारच्या माणसांनी आदिवासींशी १८ करार केले, की एवढी जमीन तुमची राखून ठेवतो, बाकीची सोडा. वॉशिंग्टनच्या सिनेटने ते करार मंजूर केले नाहीत. वर ते कागद गुपित ठेवले, १९०५ पर्यंत कोणाला दिसले नाहीत. आपल्याकडे वनहक्काचे कागद कचेरीत हरवतात, तिथे ते कुलपात पन्नास वर्षं पडून होते. तेव्हा पुढे जे घरपट्टीचं भांडण सांगणार आहोत, ते अशा जमिनीवरचं भांडण आहे हे ध्यानात ठेवा.

त्या राज्यात १९११ पासून एक रीत आहे. ठरलेल्या संख्येएवढ्या सह्या गोळा केल्या की लोकांचा ठराव थेट मतदानाला जातो. आमदारांना विचारायला लागत नाही. मतदानात पास झाला की कायदा, आणि तशा सह्या असतील तर राज्याची घटनासुद्धा बदलते. ऐकून आम्हाला फार गोड वाटलं. म्हंजे ग्रामसभाच राज्याएवढी मोठी केली! पण एक फरक आहे. ग्रामसभेत आपण एकमेकांचं तोंड बघून बोलतो. कोणी म्हणतो एवढं नको, थोडं कमी करा, कोणी म्हणतो विधवा बायांना सोडा, आणि ठराव तिथल्या तिथे बदलतो. तिथे मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही. ठराव कोणी लिहिला, कोणाच्या सोयीने लिहिला, ते तिथे बदलता येत नाही.

आता त्यांची घरपट्टी. तिथे घराच्या आणि जमिनीच्या किमतीवर कर असतो आणि त्यातून तिथला जिल्हा, गाव, शाळा, आग विझवणारे बंब, वाचनालय, असं सगळं चालायचं. आधी ही किंमत ठरवणारा अधिकारी मनमानी करायचा. सॅन फ्रान्सिस्कोत एक अधिकारी कंपन्यांकडून पैसे खाऊन त्यांची किंमत कमी लावायचा. पकडला गेला, तुरुंगात गेला. तलाठी आठवला ना? मग १९६६ मध्ये कायदा आला की सगळ्यांची किंमत एकाच प्रमाणात लावा. न्याय वाटतो, पण झालं उलटं. कंपन्यांची पट्टी कमी झाली आणि साध्या घरांची वाढली, कारण आधी कुठे कुठे साध्या घरांना सांभाळून घेतलेलं असायचं. वर १९७० नंतर घरांच्या किमती भराभर चढल्या. घर तेच, पगार तोच, पेन्शन तेच, आणि पट्टी दोन-तीन वर्षांत दुप्पट. म्हाताऱ्या माणसांना वाटू लागलं, आता घर विकायला लागणार. राज्याच्या तिजोरीत तेव्हा पैसा शिलकीत पडून होता आणि तरी आमदार काही करेनात. तिथल्या माणसांचा राग खरा होता. आपल्यासारखाच खरा.

त्या रागावर हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन हे दोघे स्वार झाले. बारा लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. ठरावाचा नंबर १३. ६ जून १९७८ ला मतदान झालं आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं.

१३ नंबरने काय केलं? पट्टी किमतीच्या शंभराला एक रुपया, त्याच्या वर नाही. किंमत १९७५ सालची धरायची. दरवर्षी ती शंभराला दोनपेक्षा जास्त वाढवायची नाही. घर विकलं गेलं की नवी किंमत लावायची. आणि गावाला एखाद्या खास कामासाठी वेगळा कर घ्यायचा तर मतदारांतले दोन तृतीयांश हो म्हणायला हवेत. म्हंजे शंभरातले ३४ नाही म्हणाले तर ६६ जणांचं चालत नाही.

पहिल्याच वर्षी पट्टीचं उत्पन्न निम्म्याहून जास्त पडलं. गावं, शाळा, जिल्हे घाबरले. मग राज्याने शिलकीतून पैसा दिला, लोक म्हणाले बघा, काही बिघडलं नाही. पण १९७९ मध्ये राज्याने कायदा केला, की जमलेल्या पट्टीतला किती वाटा गावाला, किती जिल्ह्याला, किती शाळेला, ते आम्ही ठरवू. आम्हाला ह्या सगळ्या गोष्टीत ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. पट्टी अजून गावातच गोळा होते, गावातलाच माणूस भरतो, पण तिचं काय करायचं ते सॅक्रामेंटो नावाच्या राजधानीत ठरतं. आणि १९९२ आणि १९९३ मध्ये राज्याला स्वतःलाच पैशाची चणचण आली, तेव्हा त्याने काय केलं? गावांच्या आणि जिल्ह्यांच्या वाट्याची पट्टी वळवून शाळांच्या खात्यात टाकली, म्हणजे शाळांना राज्याने द्यायचा पैसा तेवढा वाचला. गावं ओरडत राहिली.

सरकारचं तोंड बंद करायला लोकांनी १३ नंबर केला आणि वरचं सरकार आणखी मोठं झालं. आपल्याकडे आजच अशी गत आहे की विहीर खोदायची तर पंचायत समिती, रस्ता करायचा तर जिल्हा परिषद, बाकी सगळ्याला मंत्रालय. जी दोन-चार हजारांची पट्टी गावाची स्वतःची आहे तीही सोडून दिली, तर उरला फक्त अर्ज.

फायदा कोणाला झाला? म्हाताऱ्यांचं घर वाचलं, हे खरं आहे, आणि ते आम्ही लपवणार नाही. पण घर विकलं की नवी किंमत, हा नियम कंपन्यांनाही लागू आहे. माणूस मरतो, घर विकतो, दुसऱ्या गावी जातो. कंपनी मरत नाही. तिचे शेअर ह्या हातातून त्या हातात जातात, पण कोणा एकाच्या हातात निम्म्याहून जास्त आले नाहीत तर कायद्याच्या नजरेत जमीन विकलीच गेली नाही. मग जुनीच किंमत, जुनीच पट्टी. ह्यातलं आमच्या शेठला किती कळतं माहीत नाही, पण त्याचं नाक बरोबर वास काढतं.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांतही फट पडली. लॉस एंजेलिस शहरात एका बाईने १९८८ मध्ये साधं घर घेतलं. शेजारी तसंच घर, त्यात जुनी माणसं. बाईची पट्टी त्यांच्यापेक्षा जवळजवळ पाचपट. रस्ता एक, पाणी एक, शाळा एक. बाई कोर्टात गेली, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. १९९२ मध्ये नऊपैकी आठ न्यायाधीशांनी सांगितलं, कायदा बरोबर आहे. आधी आलेल्याची जमीन स्वस्त, नंतर आलेल्याची महाग, असा तो कायदा. तिथले सगळ्यात आधीचे कोण, ते मघाशी सांगितलं. त्यांना ह्या हिशेबात कोणी धरलं नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. घरपट्टीतून काही मिळेना तेव्हा गावं दुसरीकडे पैसा शोधू लागली. तिथे दुकानात विकलेल्या मालावर कर असतो, आणि त्याचा वाटा ज्या गावात दुकान असेल त्या गावाला मिळतो. मग गावं आपसात भांडायला लागली, की मोटारी विकणारा आमच्याकडे या, मोठा बाजार आमच्याकडे बांधा. गरिबांची घरं कोणाला नकोत, कारण घरातून कर येत नाही, खर्च येतो. जमिनीवर काय उभं राहायचं ते माणसांच्या गरजेवर ठरायचं बंद झालं, ते कशातून कर मिळतो त्यावर ठरायला लागलं. आपल्या रस्त्याकडेच्या वरकस जमिनी कोणाच्या डोळ्यात आहेत ते वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत ऐकून काल रात्री एक काका म्हणाले, बरं, समजलं, पण लोकांना विचारल्याशिवाय पट्टी नको एवढं तर बरोबर ना? बरोबर. आमचंही तेच म्हणणं. पण लोक म्हंजे कोण, इथे खरी अडचण आहे. त्यासाठी दुसरा ठराव सांगतो.

१३ नंबरनंतर गावांनी एक वाट काढली. कर म्हणायचं नाही. बागेची पट्टी, दिव्याची पट्टी, गटाराची पट्टी अशा नावाने जमिनीवर बसवायचं. लोक पुन्हा चिडले. मग ५ नोव्हेंबर १९९६ ला ठराव नंबर २१८ पास झाला. त्यात काही गोष्टी आम्हाला मनापासून आवडल्या. पाण्याची पट्टी वाढवायची तर सुनावणीच्या ४५ दिवस आधी घरोघर लेखी कळवायचं, किती वाढणार आणि कशासाठी ते लिहायचं. पाण्याच्या नावाने घेतलेला पैसा पाण्यालाच लावायचा, पाण्याला जेवढा खर्च येतो त्याहून जास्त घ्यायचा नाही. असं इथे कोणी केलं तर आम्ही त्याला हार घालू.

पण पुढचं ऐका. जमिनीवरच्या पट्टीसाठी मतपत्रिका जाते ती जमीनमालकाला. आणि प्रत्येक मत सारखं नाही. ज्याच्यावर जेवढी पट्टी बसणार, त्याच्या मताला तेवढं वजन. समजा एका पाड्यात ४० घरं, विहिरीसाठी प्रत्येकाला २० रुपये. झाले ८००. आणि नदीकाठच्या फार्महाऊसला मोठी जागा म्हणून १,००० रुपये. मतदान झालं. ४० घरं म्हणाली विहीर पाहिजे. शेठ एकटा म्हणाला नको, माझी बोअर आहे. तिथल्या नियमाने कोण जिंकलं? शेठ जिंकला. ८०० विरुद्ध १,०००. विहीर होत नाही.

आता आपल्यापैकी किती जणांना ती मतपत्रिका आली असती ते मोजा. दळीची जमीन कसतो, नावावर नाही. एकसाली प्लॉट, पावत्या आहेत, सातबारा नाही. फॉरेस्टच्या जागेवर बापजाद्यापासून नाचणी-वरी करतो, केस चालू आहे. कुळाची जमीन सावकाराच्या नावावर. ह्यातल्या कोणाला मत नाही. ज्यांची जमीन लुटली गेली त्यांना मतही नाही, आणि ज्याने घेतली त्याचं मत वजनदार.

आणि त्याच वर्षी, दीड महिन्याने, २४ डिसेंबर १९९६ ला आपल्या देशात पेसा कायदा झाला. तो कायदा पाड्याला गाव मानतो. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेत. भूमिहीन बाईचा हात आणि पन्नास एकरवाल्याचा हात सारखाच वर जातो. गावातल्या कामाचं नियोजन आधी ग्रामसभेने मंजूर करायचं, पंचायतीने पैसा नीट खर्च केला का त्याचा दाखला ग्रामसभेने द्यायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. आता सांगा, हातात हे असताना आपण पट्टीचा अधिकारच मोडून टाका असा ठराव करायचा?

पेसात सगळं आहे असं आम्ही म्हणत नाही. पट्टी बसवायचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिलेला नाही. तो ग्रामपंचायतीकडे आहे, आणि पंचायतीला किती द्यायचा ते घटनेप्रमाणे राज्याची विधानसभा ठरवते. घरपट्टीचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरही सरकारच्या नियमात असतो, पंचायत त्या दोन्हींच्या मधला एक घेते. जंगलातल्या सागाचा लिलाव झाला तर पैसा थेट सरकारी तिजोरीत, आपल्याला त्यातून किती ते वरून कळतं. म्हंजे सॅक्रामेंटो आपल्याकडे आधीपासूनच आहे. गडचिरोलीत मेंढा गावाची माणसं म्हणतात, आमच्या गावात आम्हीच सरकार. तसं म्हणायचं तर गावाच्या वहीत गावाचा थोडा तरी पैसा पाहिजे, नाहीतर सरकार नुसतं घोषणेत.

काल एका बायने आम्हाला तोंडावर विचारलं, म्हणजे तुम्ही पट्टी भरा सांगणार? पोरं शिकली आणि पंचायतीची झाली? नाय बाय. कुडाच्या घराची पट्टी आम्हालाही नको. खांबावर दिवा नाही तोवर दिवाबत्तीचा पैसा का द्यायचा, हे आम्हीही विचारणार. पण आमचं म्हणणं असं की तीन पाड्यांचा ठराव तसाच पाठवू नये, त्याचे शब्द बदलावेत.

बदल असा. पंचायतीने पट्टीचा दर ठरवण्याआधी तो प्रत्येक पाड्याच्या ग्रामसभेत ठेवावा आणि हात वर करून मंजुरी घ्यावी, एका माणसाला एक हात. कुडाच्या, गवताच्या घरांना सगळ्यात खालचा दर, फार्महाऊसला, वखारीला, खडीच्या मशीनला वरचा. दरवर्षी जमा-खर्च पाड्यावर वाचून दाखवावा, ज्या कामाच्या नावाने घेतला त्याच कामाला लावला का ते सांगावं. बाकी आहे म्हणून कोणाचा दाखला अडवू नये. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसली तरी त्याला मत असावं. हे शेवटचं कोणी गाळलं तर बाकीचं काही कामाचं नाही, असं आम्हाला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर उभे राहून बोला, आज दुपारपर्यंत वेळ आहे.

शेठच्या पैशाने पत्रक छापायचं नाही, हे मात्र काल रात्रीच सगळ्यांच्या हातांनी ठरलं आहे.

पुढची बैठक अमावास्येनंतरच्या बाजाराच्या दिवशी, शाळेच्या ओट्यावर. येताना घरपट्टीच्या, दिवाबत्तीच्या, पाण्याच्या जेवढ्या जुन्या पावत्या घरात असतील तेवढ्या घेऊन या. उंदराने कुरतडलेल्या असल्या तरी चालतील, तारीख आणि रक्कम वाचता आली पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तशाच आणा, आम्ही उतरवून घेऊ. एकसाली प्लॉटच्या पावत्या वेगळ्या पिशवीत ठेवा, त्यांचं काम त्यानंतर आहे.